आधी टक, मग तुकडा

कुत्र्याच्या पिल्लाची शिकवणी सुरू होते ओट्यावर, सुरीने. १०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ, हळद, आलं-लसूण काही नाही. शिजून ते ७०-७५ ग्रॅम भरतं. गार झालं की कोरड्या हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. एक तुकडा अंदाजे अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे दीडशेच्या आसपास निघतात. निम्मे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचे, बाकीचे चाळीस-चाळीसच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. तुकडा एवढा बारीक हवा की कुत्रा तो न चावता गिळेल आणि लगेच तोंड वर करून बघेल. मोठा दिला तर चघळण्यात पाच-सात सेकंद जातात आणि आपल्याला हे कशाबद्दल मिळालं याचा पिल्लाला पत्ता उरत नाही. ग्लुकोज बिस्किटाचं दुखणंही तेच. साखर तर आहेच, शिवाय चुरा सांडतो आणि पुढचं अर्धं मिनिट नाक फरशीला चिकटलेलं.

खाली लिहिलंय ते भुरीला शिकवताना जसं होत गेलं तसं. भुरी म्हणजे साडेचार महिन्यांची, ८ किलोची, रस्त्यावर जन्मलेली गावठी कुत्री; जागा पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट; मुदत आठ आठवडे. एवढ्या वजनाच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण ६५० किलोकॅलरी लागतात. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये असं धरलं तर चिकनची मर्यादा ४० ग्रॅम, म्हणजे ८० तुकडे. ऐकायला भरपूर वाटतात, पण दोन मिनिटांच्या एका बैठकीत पंधरा-वीस सहज उडतात. म्हणून खाऊची उतरंड लावावी लागते. घरातल्या सोप्या सरावाला तिच्याच जेवणातले दाणे किंवा पोळीचे कपटे, थोडं अवघड असेल तर पनीर, आणि चिकन बाहेरच्या कामासाठी. उकडलेली कलेजी सगळ्यात वरची. ती आठवड्यातून एक-दोनदाच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. पनीरने काहींना पातळ होतं, तेव्हा पहिल्या दिवशी चार-पाच तुकड्यांवर थांबून बघावं. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ यांना हातसुद्धा लावायचा नाही.

खाऊनंतरची गोष्ट खूण. बूड जमिनीला टेकलं त्या क्षणी तुकडा तोंडाशी पोचत नाही. हात पिशवीत जाऊन बाहेर येईपर्यंत कुत्री उठलेली असते, आणि बक्षीस मिळतं ते उठण्याचं. मधली ती फट भरायला एक छोटा, नेहमी सारखाच आवाज लागतो. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९४०च्या दशकात प्राण्यांच्या शिक्षणात असे आवाज वापरले. पोहणाऱ्या डॉल्फिनच्या तोंडात ऐन क्षणी मासा देता येत नाही, म्हणून तिथे शिट्टी आली. कुत्र्यांसाठी क्लिकर, म्हणजे दाबल्यावर टिक वाजणारी छोटी डबी, मिळतो, पण एका हातात दोरी, दुसऱ्या हातात खाऊ असताना तिसरा हात कुठून आणणार? आम्ही जिभेने टाळूवर काढलेला ‘टक’ ठरवला. गर्दीच्या रस्त्यावर तो ऐकू जात नाही, तिथे ‘येस!’.

या टकला आधी किंमत यावी लागते. काही न सांगता, काही न करवता टक, आणि एका सेकंदात तुकडा. असं पंधरा-वीस वेळा, दिवसातून तीनदा. दुसऱ्या दिवशी ती खिडकीतून कबुतरं बघत असताना टक केलं आणि मान झटक्यात वळली, म्हणजे काम झालं. इथे सगळ्यांचाच हात आगाऊ निघतो. टकच्या आधी हात पिशवीकडे गेला की कुत्रा हाताकडे बघायला शिकतो आणि आवाज फुकट जातो. हात पोटाशी थांबलेला, मग टक, मग हात. घरातल्या माणसांचा सराव कुत्र्याविना करून घेतला तर उत्तम: एकाने चेंडू टाकायचा, दुसऱ्याने चेंडू फरशीला टेकताक्षणी टक करायचं. पहिल्या दहांत बहुतेकांचे सहा-सात टक उशिरा पडतात. तेवढाच उशीर कुत्र्यासमोरही होत असतो, फक्त तिथे दोष कुत्र्याला जातो.

‘बस’ शिकवणं सगळ्यात सोपं, म्हणून भरभर सांगतो. तुकडा नाकाशी धरून हळू वर आणि किंचित मागे, डोक्यावरून शेपटीकडे न्यायचा. मान वर गेली की बूड खाली येतं. टक, तुकडा. हात फार उंच गेला तर ती उडी मारते. मागेमागेच सरकत असेल तर भिंतीला पाठ येईल अशी उभी करायची. तीन-चारदा असं झालं की तोच हात रिकामा न्यायचा आणि तुकडा दुसऱ्या हाताने द्यायचा. हे टाळलं तर पुढे ‘खाऊ दिसला तरच बसतो’ ही तक्रार ठरलेली.

शब्द यानंतर येतो, दहापैकी आठदा हाताच्या खुणेवर बसायला लागल्यावर. आधी शब्द, मग एक सेकंद गप्प, मग हाताची खूण. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात वाचतो आणि शब्द हवेत विरतो. मराठी घरात शब्द निवडतानाच अर्धी गंमत आहे. ‘बस’ ठरवला, तर वाढताना ‘बस, बस, पुरे’, पोरांना ‘बस्स झालं आता’, पाहुण्यांना ‘बस ना’. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द कुत्र्याच्या कानावरून जातो आणि बहुतेक वेळा त्याचा तिच्याशी संबंध नसतो. ‘ये’चं तर त्याहून वाईट; ‘ए’ आणि ‘ये’ यांतला फरक कुत्र्याने कसा ओळखावा? म्हणून बसण्याला ‘बैठ’, बोलावण्याला ‘इकडे!’, तोंडातलं सोडायला ‘दे’, मोकळं करायला ‘जा खेळ’ असे चार शब्द कागदावर लिहून फ्रिजवर लावले. कामाला येणाऱ्या मावशींनाही ते सांगितले. चारच असल्यामुळे पाठ झाले.

बैठक दोन-तीन मिनिटांची, दिवसातून तीन-चार, जेवणाआधी. पाच-पाचचा हिशोब ठेवायचा. पाचपैकी पाच बरोबर आले तर एक पायरी अवघड करायची. तीन-चार आले तर आहे तिथेच. दोन किंवा कमी आले तर पायरी उतरायची. अवघडपणा तीन बाजूंनी वाढतो: किती वेळ, किती अंतर, आजूबाजूला किती गडबड. एका वेळी एकच बाजू वाढवायची. घरात वीस सेकंद बसणारी कुत्री लिफ्टपाशी दोन सेकंद बसत नाही, यात हट्ट नाही. तिच्या लेखी लिफ्टपाशी बसणं हा वेगळाच धडा आहे.

खरा वेळ द्यावा तो चटईला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला एकच गोष्ट शिकवायची झाली तर हीच शिकवावी असं आमचं मत. जेवणाची वेळ, दारावरची बेल, पाहुणे, फरशी पुसणं, सगळीकडे हिचा उपयोग होतो. जुन्या सतरंजीचा तीन फूट बाय दोन फुटांचा तुकडा चालतो. फक्त सराव संपला की उचलून ठेवायचा, एरवी त्यावर लोळण्याचं बक्षीस कुणी देत नाही आणि चटईचा अर्थ पुसट होतो. पहिल्या दिवशी सतरंजी पसरायची आणि तिने नुसतं बघितलं तरी टक. तुकडा मात्र तोंडात देण्याऐवजी सतरंजीवर टाकायचा. मग एक पंजा पडला की टक. मग दोन. चारही पंजे यायला तीन बैठका लागल्या. पुढचा तुकडा सतरंजीबाहेर टाकायचा, म्हणजे ती बाहेर जाऊन पुन्हा यावी आणि परत येण्याचाही सराव व्हावा. चौथ्या दिवसापासून ती आल्यावर आपण गप्प राहायचं. दोन-तीन सेकंदांत बरीच कुत्री स्वतःहून बसतात, आणखी थोडं थांबलं तर कोपरं टेकतात. कोपरं टेकली की टक आणि एकामागे एक पाच तुकडे, पुढच्या दोन पंजांच्या मधोमध. तुकडा कुठे पडतो यावर सगळं आहे. हवेत उंच दिला तर ती उठते. पंजांमध्ये ठेवला तर हनुवटी खाली राहते आणि कमरेचा एक भाग कलंडतो. ढुंगण एका बाजूला कललं म्हणजे कुत्रा ऐसपैस बसला, लगेच उठणार नाही.

मग वेळ: ३ सेकंद, ५, १०, मधूनच ४, मग १५. सतत वाढवत नेलं तर कुत्रा हिशोब ओळखतो आणि लांबच्या फेरीआधीच उठून जातो, म्हणून अधूनमधून सोपं द्यायचं. त्यानंतर आपण एक पाऊल मागे, खुर्चीत बसणं, ताट घेऊन बसणं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जेवण होईपर्यंत, म्हणजे वीस मिनिटं, ती सतरंजीवर टिकली. त्यात चाळीसेक दाणे लागले, तिच्याच रात्रीच्या जेवणातले.

जेवणाच्या टेबलाशी खरी अडचण असते आजींची. ताटातला घास हळूच खाली जातो. रोज नाही, कधीतरी. आणि हे ‘कधीतरी’च घातक. रोज मिळणारी गोष्ट बंद झाली तर कुत्रा चार दिवसांत नाद सोडतो, पण दहा वेळा मागितल्यावर एकदा मिळणाऱ्या घासासाठी तो वर्षभर मांडीवर पंजा ठेवत राहतो. आजींना ‘देऊ नका’ सांगून उपयोग होत नाही. द्यायचं कामच त्यांच्याकडे सोपवावं: साध्या पोळीचे बारा कपटे वाटीत, आणि अट एकच, टाकायचे ते सतरंजीवर. टेबलाजवळचं मागणं आठवड्याभरात थांबलं. आधी दोन दिवस ते वाढलं होतं, भुंकणंही आलं. बक्षीस बंद झाल्यावर वागणं मिटण्याआधी असं एकदा उसळतं. त्या उसळीत कुणी द्रवून घास दिला, तर भुंकून मिळतं हा नवा धडा पक्का.

शी-शूचं थोडक्यात. साडेचार महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन-अडीच तासांनी खाली नेलं, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांत आणि दंगा करून झाल्यावर. तुकडा तिथेच, काम उरकल्यावर दोन सेकंदांत द्यायचा. घरी येऊन दिला तर तो लिफ्टमधून बाहेर पडल्याचा होतो. काम झाल्या झाल्या वर आणलं तर कुत्री हुशार असतात, फेरी लांबवायला धरून ठेवतात. म्हणून नंतर पाच मिनिटं हुंगायला मोकळं सोडायचं. घरात झालंच तर न बोलता एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसायचं. काळं फिनेल नकोच, पंजे चाटताना ते पोटात जातं. नाक घासणं, ओरडणं यातून कुत्रा एवढंच शिकतो की या माणसासमोर करायचं नाही, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतो.

दात येत असतात तोवर, म्हणजे सहा-सात महिन्यांपर्यंत, चावरेपणा असतोच. त्यात गाऊनचा घेर आणि साडीचा पदर हलता, जमिनीलगत, म्हणजे आयतीच शिकार. ओढून घेतला की रस्सीखेच सुरू. जागच्या जागी थांबायचं, घेर स्थिर झाला की तोंड सुटतं. सुटलं की टक आणि तुकडा लांब फेकायचा. त्याहून चांगलं म्हणजे ती घेराकडे धावायच्या आत, चारही पाय जमिनीवर असतानाच टक करणं. चावायला फ्रिजमधलं गार गाजर.

कुकरच्या शिट्टीचं प्रकरण वेगळ्या जातीचं, कारण तिथे वागणं शिकवायचं नसून भीती घालवायची असते. पहिल्या शिट्टीला भुरी पलंगाखाली. अशा वेळी ‘बैठ’ वगैरे काही मागायचं नाही. शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून आवाज अगदी बारीक ठेवला, कान हलतील पण शेपटी आत जाणार नाही इतका. शिट्टी, आणि एका सेकंदात चिकन. ती काय करते आहे याच्याशी देणंघेणं नाही. क्रम मात्र उलटा होता कामा नये. आधी चिकन दाखवून मग शिट्टी वाजवली तर चार दिवसांत चिकन दिसल्यावरच कुत्रा दचकू लागतो. एका वेळी आठ-दहा शिट्ट्या, दिवसातून दोनदा, दर दोन दिवसांनी आवाज एक रेघ वर. त्या काळात खरा कुकर ती फिरायला गेलेली असताना लावायचा, नाहीतर सकाळची कमाई दुपारी बुडते. दहा दिवसांनी खरी शिट्टी, कुत्री दूरच्या खोलीत, दार लोटलेलं. मग दार उघडं, मग हॉल. तुकडा घ्यायची थांबली म्हणजे आपण घाई केली. भीती फार झाली की भूक आधी जाते, याहून चांगलं मोजमाप घरात दुसरं नाही. पाचव्या आठवड्यात शिट्टी झाली की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहू लागली. ढोल-ताशा आणि फटाक्यांसाठी रीत हीच, पण गणपती-दिवाळीच्या निदान दोन महिने आधी हात घालावा लागतो. ऐन दिवाळीत हे सुरू करून काही साधत नाही. फटाके आटोक्याबाहेर घाबरवत असतील तर पशुवैद्याकडे औषधाचं विचारावं, त्यात कमीपणा नाही.

‘इकडे!’ची सुरुवात घरातल्या बोळात, दोन माणसं दोन टोकांना. नंतर पार्किंग, नंतर पहाटेचं मैदान, १० मीटरची सुती दोरी हार्नेसला, म्हणजे छातीवर बसणाऱ्या पट्ट्याला बांधून. गळपट्ट्याला लांब दोरी बांधायची नाही. धावता कुत्रा दोरीच्या टोकाला पोचला की सगळा हिसका मानेवर येतो. एकदाच हाक. तीनदा हाक मारली तर कुत्र्याच्या लेखी शब्द ‘इकडे इकडे इकडे’ असा होतो आणि तिसऱ्याला निघालं तरी चालतं. नाही आली तर दोरी न ओढता आपण उलट्या दिशेला पळायचं, पाठलाग करणं तिला आवडतंच. आल्यावर एक तुकडा देऊन मोकळं होऊ नये. आठ-दहा, एकेक करून, पंधरा सेकंद चालतील असे. देताना दुसऱ्या हाताने गळपट्टा धरायचा, मग तुकडा. हे केलं नाही तर कुत्रा जवळ येतो, पण हात पुढे आला की हुलकावणी देतो. आणि दहातल्या आठ हाकांनंतर ‘जा खेळ’. हाक मारून दरवेळी घरी नेलं, किंवा अंघोळ घातली, की तो शब्द महिन्याभरात मरतो. अंघोळीला बोलवायचं नसतं, जाऊन आणायचं असतं.

एक इशारा कारवानी किंवा मुधोळ जातीची कुत्री बाळगणाऱ्यांना: ही नजरेने शिकार धरणारी कुत्री. मांजर पळताना दिसलं की कान बंद होतात, आणि त्या वेगापुढे आपलं काही चालत नाही. कुंपण नसलेल्या जागी त्यांची दोरी सोडू नये, ‘इकडे!’ कितीही पक्कं असलं तरी.

दोरीवर चालणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यांनी अर्ध्यात सोडलेलं. दोन मीटरची साधी दोरी, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस. सुरुवातीला दर दोन पावलांना तुकडा, आपल्या पँटच्या शिवणीशी. पुढे धरला तर ती पुढे धावते आणि आडवी येते. दोरी ताणली की झाडासारखं उभं राहायचं, सैल झाली की टक, आणि पुढे. पहिल्या दिवशी पार्किंगमधले वीस मीटर जायला नऊ मिनिटं लागली. मग पाच पावलं, आठ, बारा. चौकातल्या भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते तिथे अंतर हेच औषध: वीस मीटरवरून तिने त्यांच्याकडे बघितलं की टक, तुकडा, आणि वळून दुसरीकडे. जवळ जाऊन दोरी आवळली तर ताणलेल्या दोरीमुळेच भांडण पेटतं.

गुरगुरल्यावर मारू नये याचं कारण भूतदयेपलीकडचं आहे. गुरगुरणं ही सूचना. ती मारून बंद केली तर कुत्रा सूचना न देता चावतो. हाड धरून गुरगुरली तर त्याहून भारी वस्तू, म्हणजे कलेजी, तीन फुटांवर टाकायची, हाड उचलायचं, आणि शक्य असेल तर परत द्यायचं. ‘मालक कोण हे दाखवा’ या सल्ल्याचा उगम १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलेल्या निबंधात सापडतो. एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र कोंडले होते, त्यांची भांडणं शेंकेल यांनी टिपली. रानातलं लांडग्यांचं टोळकं म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं असतं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट मांडलं, आणि टोळीच्या म्होरक्यासाठीचे अल्फा-बिल्फा शब्द मागे घेतले. सल्ला मात्र अजून बागेतल्या बाकांवर फिरतोच आहे.

तुकडे कमी करायचे ते हळूहळू. पक्क्या झालेल्या गोष्टीला दरवेळी न देता तीनदा केल्यावर एक, मग पाचदा, मग दोनदाच, अंदाज लागू द्यायचा नाही. मधल्या वेळांना बक्षीस म्हणून दार उघडणं, चेंडू, एखाद्या खांबाचा वास घेऊ देणं. टक केलं की मात्र तुकडा द्यायचाच, चुकून केलं तरी. आणि वयाच्या सातव्या-आठव्या महिन्यात एके दिवशी सगळं विसरल्यासारखं होतं. हाक मारली तर मान वळते आणि पाय उलट्या दिशेला जातात. तेव्हा दोरी पुन्हा १० मीटरची, जागा पुन्हा बोळ आणि पार्किंग, चिकन पुन्हा दरवेळी, दोन-तीन आठवडे. वजनही पुन्हा करून घ्यायचं: भुरी तोवर १३ किलोची झाली होती, आणि ८० तुकड्यांचा जुना हिशोब बदलावा लागला.